दसऱ्याला टोकलेला वाल

माझी मैनावहिनी तुम्ही पंचवटीच्या बाजारात कधी पाहिलीही असेल, पण ती लक्षात राहिली नसणार. पोत्यावर भाजी मांडते, मान खाली घालून वाटे लावते आणि गिऱ्हाइकानं घासाघीस सुरू केली की "घ्या, घेऊन जा" म्हणून मोकळी होते. शेजारच्या बायका हाका मारमारून गिऱ्हाईक ओढतात. हिला हाक मारायचाही कंटाळा. पूर्वी मला वाटायचं, हिचा स्वभावच थंड आहे. मग कळलं की स्वभाव वगैरे काही नाही, बाई दमलेली आहे. फार वर्षं दमलेली आहे.

मी तिची नणंद, सुवर्णा. एसटीच्या कचेरीतून निवृत्त झाले, नाशकातच राहते. नणंद वहिनीबद्दल सांगू लागली की लोक आधी कान टवकारतात. टवकारू देत. मला तिची बाजू घ्यायची नाही आणि तिला नावंही ठेवायची नाहीत, पण मधेमधे माझा तोल गेला तर समजून घ्या.

दिंडोरीच्या अलीकडे, कादवा नदीच्या काठाला आमचं शेत आहे. रस्त्याकडच्या उंच अंगाला लोकांच्या द्राक्षबागा, आणि उतरत उतरत नदीकडे गेलं की अगदी तळाशी आमचं भाजीचं वावर. माती काळीभोर, विहिरीला पाणी. भाजीला याहून चांगली जागा नाही असं तिथं उन्हाळ्यात उभं राहिलं की वाटतं. हिवाळ्यात कळतं की सगळ्या शिवाराची थंडी उतरून तिथेच मुक्कामाला येते. मोबाइलवर नाशिकचं तापमान दिसतं ते शहराचं. शहरातली माणसं स्वेटर घालून हौसेनं फिरायला निघतात त्या सकाळी आमच्या तळाला गवतावर पांढरं पडलेलं असतं.

म्हणून आमच्या घरी भाजी लावायची ती थंडीला विचारून. गाजर, मेथी, हरभरा यांना थंडी मानवते, उलट गोडी येते. वांगं कुरकुरतं पण तगतं. वाल मात्र नाजूक. तो फुलात असताना किंवा शेंग कोवळी असताना दव गोठलं की संपलं. भरलेल्या शेंगेला तेवढी झळ लागत नाही. आता कडाका येतो डिसेंबर संपताना किंवा जानेवारी लागला की, आणि भोगी असते जानेवारीच्या मध्यावर. भोगीच्या भाजीत वालाची शेंग नसेल तर ती भोगीची भाजी कसली. म्हणजे शेंग कडाक्याच्या आधी भरली पाहिजे आणि भोगीपर्यंत वेलावर टिकली पाहिजे. आमचा सगळा हिवाळा या एका मेळावर उभा असतो.

आणि हा मेळ जमवणं हे माझ्या आईचं, नवसाबाईचं राज्य होतं. भोगीच्या भाजीत विकतचं काही घालायचं नाही, आणि घरच्या भाजीत जे पडतं तेच बाजारातल्या वाट्यात द्यायचं, हा तिचा नेम. पंचवटीतली काही घरं अजून भोगीच्या आदल्या दिवशी मैनावहिनीच्याच वाट्यासाठी थांबतात, ती आईच्या त्या नेमामुळे. एवढं श्रेय मी तिला देते. पण बाई बोलायची फार. माझीच आई, म्हणून मला म्हणायचा हक्क आहे. "मैने, वाफा वाकडा गेला. मैने, पाणी लय झालं. मैने, तुला सांगितलं व्हतं का नव्हतं?" ती वावरात नसली तरी तिचा आवाज वावरात असायचा. आई जाईपर्यंत मैनावहिनीनं स्वतःच्या मनानं एक वेलसुद्धा लावला नाही. लावू दिला नाही. आई गेली तेव्हा वहिनी मनापासून रडली, आणि तेराव्यानंतर मला म्हणाली, "ताई, कान रिकामे झाले."

कान रिकामे झाले, पण काम होतंच. थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आधी उठायचं, मोटर चालू करून विहिरीचं पाणी वेलांच्या बुडाशी सोडायचं. विहिरीचं पाणी कोमट असतं, त्यानं जमीन जरा उबेला राहते. मग ओला पालापाचोळा पेटवून धूर धरायचा आणि तो वाऱ्याच्या अंगानं पिकावर पसरतोय ना ते बघत गुडघाभर गारठ्यात उभं राहायचं. तिची बोटं सकाळी वळायची नाहीत. चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून ती नुसती बसून राहायची आणि बोटं हलू लागली की उठायची. गुडघे तर कधीच गेले होते.

रंगनाथदादा, माझा भाऊ, तिचा नवरा, दिंडोरीकडच्या बागांवर फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो. द्राक्षाच्या पानावर कुठला डाग कशाचा हे त्याला विचारा, तासभर सांगेल. भाजी म्हणजे बायकांचं काम, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं. तो वाईट नाही. बायकोवर कधी आवाज चढवत नाही, दारूला शिवत नाही. फक्त झोपतो. झोप त्याला लहानपणापासून चांगली आहे, आणि बायको पहाटे उठून गेली तरी ती मोडत नाही.

एकदा बाजारात तिच्याशेजारी बसले असताना वहिनी मला म्हणाली, "ताई, मला एक हिवाळा गोधडीत काढायचाय. एकच. कुणी म्हणावं, तू नको उठू, मी बघते." तिनं माझ्याकडे काही मागितलं ते आयुष्यात तेवढंच, आणि तेही माझ्या हातात नव्हतं.

मग उज्वला आली. शेखरची बायको, म्हणजे मैनावहिनीची सून. विंचूरची मुलगी, माहेरी कांद्याचं शेत, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. शेखर वाइनच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळतो, त्याला मातीत रस नाही, हे त्यानं लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. उज्वलाला द्राक्षाच्या पॅकिंगच्या शेडवर देखरेखीचं काम मिळत होतं. बसायला खुर्ची, डोक्यावर पत्रा. पण त्या उन्हाळ्यात ती सासूला म्हणाली, "आई, एक हिवाळा वावर माझ्याकडं द्या. जमलं तर मी वावरच करीन. नाय जमलं तर पॅकिंगला जाईन, मंग माझा नाद सोडा."

मैनावहिनीला काय वाटलं असेल हे मी सांगायला नको. उज्वलाला जमलं तर वहिनीची सुटका. नाही जमलं तर पुन्हा तीच पहाट, तेच गुडघे, आणि आता मागे कुणी येणार नाही हेही कळून चुकलेलं.

उज्वलानं एक अट घातली. "तुम्ही मधी बोलायचं नाय. मोठ्या आईंच्या गोष्टी मी सगळ्यांच्या तोंडून ऐकल्यात. मला तसं नकोय."

"नाय बोलणार," वहिनी म्हणाली. "एक शब्द नाय."

तेवढं ठरल्यावर उज्वलानं बसून विचारून घेतलं, कधी काय लावायचं. वहिनीनं सांगितलं. वांग्याची रोपं गौरी गेल्या की. गाजर घट बसले की. वालाचं बी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मातीत टोकायचं. मेथी दिवाळीनंतर थोडी थोडी, म्हणजे सगळी एकदम येत नाही. सणांवर भाजी विकणाऱ्या घरात दिवस सणांनीच मोजतात, त्यामुळे हे सगळं उज्वलाला लगेच पाठ झालं.

आता इथे मला एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. त्या साली श्रावण दोनदा आला. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचे लाड करायचा. शेखरला विंचूरहून बोलावणं आलं. तो पुरणाचे धोंडे खाऊन, अंगावर नवे कपडे घालून परत आला आणि आठवडाभर सासुरवाडीचं कौतुक सांगत होता. अधिक महिना पडला की त्यापुढचे सगळे सण उशिरा येतात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. गणपती उशिरा, नवरात्र उशिरा, दसरा पार ऑक्टोबरच्या शेवटाला. थंडी मात्र पंचांग बघून येत नाही, ती तिच्या वेळेला येते. आणि भोगी-संक्रांत सूर्याच्या चालीनं चालते, तीही जागची हलत नाही. म्हणजे अधिकाच्या साली दसऱ्याला टोकलेला वाल ऐन कडाक्यात फुलावर असणार. इतकं सोपं आहे. पण धोंडे खाताना वालाची आठवण कुणाला येते?

माझ्या आईला यायची. अशा सालासाठी तिचा वेगळा नेम होता. दसऱ्याची वाट बघायची नाही, हस्त नक्षत्राचा पाऊस उघडला की वाल टोकून मोकळं व्हायचं. पावसाची नक्षत्रंही सूर्याच्या चालीनं येतात, सरकत नाहीत. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, मी आयुष्यभर तिकिटांचे गठ्ठे मोजले. मैनावहिनीला ठाऊक होतं.

हस्ताचा पाऊस उघडला, ऊन पडलं, वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली. वहिनी वावरात जाऊन आली. माती हातात घेऊन बघितली आणि टाकून दिली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. उज्वला तेव्हा वालाचे मांडव नीट करत होती, नव्या तारा ओढत होती, आणि गाणं गुणगुणत होती. वहिनी घरी येऊन भाकरी थापायला बसली.

दसऱ्याला मी माहेरी गेले होते. आपट्याची पानं देऊन झाली, सगळे ओट्यावर बसलो. उज्वला उत्साहानं म्हणाली, "आत्या, उद्या वाल टोकायचाय. बघायला थांबा." मी सहज म्हणून गेले, "यंदा दसरा किती उशिरा आला गं. ऑक्टोबर संपला की." मैनावहिनीनं माझ्याकडे बघितलं. नजर अशी, जणू मी भरल्या ताटातून काहीतरी उचलून घेतलंय. मग ती उठून आत गेली, आणि मला वाटलं दिवा लावायला गेली असेल.

वाल उगवला आणि जोरात वर चढला. उज्वलाचा हात चांगला आहे, हे कबूल केलंच पाहिजे. प्रत्येक वेल दोरीला लावून द्यायची, खुरपणी वेळेवर, एक गवताची काडी नाही. डिसेंबर लागला तशी वहिनीला खरंच झोप लागू लागली. मी फोन केला की दादा सांगायचा, "तुझी वहिनी उजाडलं तरी उठत नाय आता. सून च्या करते." त्याच्या आवाजात थोडी तक्रार असायची, कारण सुनेचा चहा त्याला गोड लागत नव्हता. मला मात्र इतका आनंद झाला की मी शेजारणीला सांगितलं, माझ्या वहिनीला सुट्टी मिळाली.

भोगीच्या आधी चार दिवस राहायला म्हणून मी गेले, त्याच आठवड्यात थंडी पडली. आदल्या दिवशी संध्याकाळी वारा थांबला, आभाळ स्वच्छ झालं, आणि रंगनाथदादा दारात उभा राहून म्हणाला, "आज काय खरं नाय." बागवाल्यांनी त्यांच्या कडेनं शेकोट्यांची तयारी केली. उज्वलानंही पाला जमवून ठेवला होता. मोबाइलवर तिनं आकडा बघितला, तो तिला बरा वाटला.

सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा उजाडत होतं. उज्वला वावरात होती, वहिनी गोधडीत. मी खाली चालत गेले. गवत पांढरं होतं, ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर होता. उज्वलानं पाणी सोडलं होतं, धूर धरला होता, जे जे करायचं ते सगळं केलं होतं. धूर जमिनीला धरून बसला होता आणि वर जात नव्हता. ती वेलांमधून फिरत पानांना हात लावत होती. पानं अजून हिरवी होती, फक्त ताठ.

"आत्या, वाचलं बहुतेक," ती म्हणाली. तिचा चेहरा काजळीनं माखला होता आणि ती हसत होती. मला बरं वाटलं. मी तिला म्हटलं, "चल, चहा घे आधी."

ऊन वर आलं तसं पानं माना टाकत गेली. दुपारपर्यंत सगळा मांडव उकडलेल्या भाजीसारखा लोंबत होता. फुलं काळी. कोवळ्या शेंगा, बोटाएवढ्या, पाणी धरून मऊ झालेल्या. भरलेली शेंग म्हणून एक नव्हती, कारण शेंग भरायला वालाला वेळच मिळाला नव्हता. शेजारच्या वाफ्यात गाजर मजेत होतं, मेथी तर आदल्या दिवसाहून ताजी दिसत होती, आणि त्यामुळे वालाकडे बघवत नव्हतं. उज्वला रडली नाही. बांधावर बसली आणि पायातला काटा काढावा तसं नखानं नख कोरत राहिली. मी तिच्याशेजारी बसले. 

मैनावहिनी वरून आली, मांडवाकडे बघितलं आणि म्हणाली, "होतं असं." तेवढंच. परत फिरली. मला तिचा त्या क्षणी राग आला. सुनेच्या पाठीवर हात तरी ठेवायचा.

बाजारात त्या वर्षी वहिनीच्या वाट्यात वाल नव्हता. घेणाऱ्या बायका विचारत होत्या आणि उज्वला प्रत्येकीला तेच सांगत होती, थंडीनं गेला. ती बाजाराला गेली ती सासूला घरी ठेवून. म्हणाली, "माझा वाल गेला, मीच सांगते." विकतचा वाल आणून वाट्यात घालावा असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही, इतकी ती त्या घरची झाली होती.

भोगीच्या दिवशी जेवायला बसलो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोणी, आणि भाजीत वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं. सगळं घरचं. शेखर मुकाट्यानं जेवत होता. दादानं घास घेतला, भाजी चाळवली आणि म्हणाला, "वालाबिगर चवच नाय."

 मग त्या भल्या माणसानं, काही मनात नसताना, पुढचं वाक्य टाकलं. "मला तव्हाच वाटलं व्हतं, यंदा दसऱ्यापावतर कशाला थांबल्या दोघी. अधिकाच्या साली आमची आई हस्तातच वाल टोकायची. मैनाबी तसंच करती. करती ना गं? मागच्या अधिकात केलं व्हतं की."

भाकरीचा तुकडा मोडता मोडता उज्वलाचा हात थांबला. ती सासूकडे बघत राहिली. वहिनीनं मान वर केली नाही.

"आई, तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"पेरायच्या आधी म्हाईत व्हतं का जळाल्यावर ध्यानात आलं?"

"आधी." वहिनी म्हणाली. "हस्त उघडला तव्हा वावरात गेले व्हते मी. तू तारा ओढत व्हतीस."

"मंग बोलल्या का नाय?"

"तूच म्हणलीस बोलू नका."

"आई," उज्वला म्हणाली, अगदी सावकाश. "मी म्हणलं टोचून बोलू नका. कडाक्यात वाल मरंल हे सांगू नका असं म्हणलं का?"

मला वाटलं, आता वहिनी काहीतरी सारवासारव करील. विसरले म्हणेल, वाटलं थंडी कमी पडेल म्हणेल. मीही तिच्या जागी असते तर तसंच म्हटलं असतं. पण ती म्हणाली, "दमले व्हते गं मी."

"एक वाक्य बोलायला?"

"एक वाक्य नसतं ते." वहिनीनं पहिल्यांदा वर बघितलं. "एकदा सांगितलं की दुसऱ्या दिवशी तू इचारायला येणार. पाणी कधी, औषध कोणतं, धूर कुठून धरू. मंग मी वावरात येणार. मंग उठणार. सगळं परत माझ्याच अंगावर आलं असतं. म्हणलं, जाऊ दे. एखाद्या वेळी थंडी उशिरा पडती. पडली असती तर निभावलं असतं."

शेखरनं ताट पुढे ढकललं आणि हात धुवायला उठून गेला. दादा एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे बघत होता, आणि आपण काय पेटवून ठेवलं हे त्याला हळूहळू कळत होतं.

"म्हणजे तुम्हाला वावर माझ्या हाती द्यायचं नव्हतं," उज्वला म्हणाली. "टाकायचं व्हतं. मी मधी आले म्हणून माझ्या अंगावर टाकलं."

 वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. मला दोघींचं पटत होतं आणि दोघींचा राग येत होता. वहिनीला म्हणावंसं वाटत होतं, अगं बाई, आईनं तुला बोलून बोलून छळलं, म्हणून गप्प राहणं म्हणजे प्रेम असं कुणी सांगितलं तुला? आणि उज्वलाला म्हणावंसं वाटत होतं, तिची बोटं सकाळी कशी असतात ते एकदा बघ. दोन्ही पोटात ठेवलं, कारण त्या घरात नणंदेला बोलायची जागा त्या वेळी नव्हती.

उज्वलानं ताटातली भाजी संपवली. टाकून उठली नाही. मग म्हणाली, "पॅकिंगला मी जाणार नाय. पुढच्या साली वाल कधी टोकायचा ते मला कळलं. बाकीचं मी माझ्या माहेरी इचारीन, बागवाल्यांना इचारीन, कुणालाबी इचारीन. पर तुम्ही वावरात यायचं नाय, आई. आजपासून नाय. तुम्हाला आराम पायजे व्हता ना. घ्या आराम."

रागानं बोलली, पण शब्द मोजून बोलली. आणि जे मैनावहिनी इतकी वर्षं कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसली होती, ते तिला असं ऐकायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, तिळगूळ देऊन झाल्यावर मी नाशिकला निघाले. वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाली. रस्ता वर, पण तिचे पाय आपोआप खालच्या वाटेला वळले, आणि मीही गेले बरोबर. उज्वला मांडवाखाली एकटीच होती. जळालेले वेल वरून ओढून काढत होती. वेल तारेला पीळ घालून बसलेले, सुटत नव्हते, ती दोन्ही हातांनी हिसके देत होती. सणाचा दिवस होता, काम टाळता आलं असतं, पण मला वाटतं तिला ते वेल डोळ्यांसमोर नको होते.

मैनावहिनीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि वावरात पाऊल टाकलं.

"आई." उज्वलानं मागे वळूनही बघितलं नाही. "नाय."

वहिनीनं पाऊल मागे घेतलं. बांधाच्या अलीकडे उभी राहिली. ऊन छान पडलं होतं. घरी जाऊन निजली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं, त्या दिवशी काय, पुढच्या कुठल्याच दिवशी नाही. पण ती हलेना. मग माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, "ताई, असा वरून नसतो ओढायचा वेल. बुडाशी कापायचा, दोन दिवस वाळू द्यायचा. आपसूक सुटतो. तारेनं हात कापंल तिचा."

मी घड्याळाकडे बघितलं.

"तू सांग ना तिला," ती म्हणाली. "तुझं ऐकंल ती. माझं नाव नको घेऊ. सांग ना, ताई."

इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तिच्या तोंडून इतका उतावळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उज्वला हिसके देतच होती. मी उज्वलाला काही सांगितलं नाही. माझी गाडी चुकेल म्हणून मी वहिनीचा हात सोडवून घेतला आणि एकटीच वर रस्त्याला लागले. वळणावरून बघितलं तेव्हा ती तिथेच बांधावर उभी होती.